पगारी बेसबॉलची पहिली तीस वर्षं आणि यादीतून गळालेली माणसं

जुनीपाने (धागाकर्ती)

बेसबॉल म्हटलं की बहुतेकांना बेब रूथ आठवतो, फार तर काळ्या खेळाडूंसाठी बंद झालेलं दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन. पण पैसे घेऊन खेळायचा धंदा म्हणून हा खेळ उभा राहिला तो त्यांच्या कितीतरी आधी, साधारण १८६० ते १८९० या काळात. मला ही तीस वर्षं फार महत्त्वाची वाटतात. माझं म्हणणं आधीच मांडते: खेळात पैसा आला तसे मालक आले, आणि पुढे कोणाचं नाव टिकेल हेही बऱ्याच अंशी त्यांच्याच बैठकांत ठरलं.

सुरुवात जिम क्रेटनपासून. १८६० साली हा पोरगा ब्रुकलिनच्या एक्सेलसिअर क्लबकडून पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून खेळू लागला. तेव्हा सगळे क्लब हौशी होते, खेळाडूला पैसे देणं नियमात बसत नव्हतं. तरी क्लब त्याला आतून पैसे देत असावा असं बरेच अभ्यासक मानतात, आणि म्हणून पहिला पगारी खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्या काळी पिचरने चेंडू खालून, मनगट न झटकता टाकायचा, बॅटरला मारता येईल असा. पिचर म्हणजे खेळ सुरू करून देणारा माणूस, एवढंच. क्रेटनने ते उलटं केलं. त्याच्या मनगटाचा झटका पंचांना पकडता येत नसे, आणि चेंडू मात्र असा यायचा की बॅटर चुकायचे. पिचर आणि बॅटर यांच्यातली लढाई हाच खेळाचा गाभा, ही आजची समजूत त्याच्यापासून सुरू होते. १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये एका सामन्यानंतर पोटातल्या दुखण्याने तो चार दिवसांत गेला. वय २१. होम रन मारताना आतून काही फाटलं, अशी दंतकथा झाली. तो क्रिकेटही उत्तम खेळायचा, त्यामुळे दोष क्रिकेटवर ढकलण्याचाही प्रयत्न झाला. आताच्या अभ्यासकांना हर्नियाची शक्यता जास्त वाटते.

१८६९ पासून हौशी संघटनेने पगारी खेळाडूंना उघड परवानगी दिली आणि सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्जने पूर्ण पगारी संघ उभा केला. दहा खेळाडू, १५ मार्च ते १५ नोव्हेंबरचा करार, पगाराचा एकूण खर्च ९,३०० डॉलर. शॉर्टस्टॉप (बेस म्हणजे धाव घेताना गाठायचे टप्पे, त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज राइटला १,४०० आणि त्याचा थोरला भाऊ, कर्णधार हॅरी राइट याला १,२००. मूळचा सिनसिनाटीचा असा एकच, फर्स्ट बेसवरचा चार्ली गूल्ड. बाकीचे बाहेरून आणलेले. गुडघ्यापर्यंत तुमान आणि खाली लाल मोजे, हा पोशाखसुद्धा तेव्हा चर्चेचा विषय होता.

त्या वर्षी ते क्लब-संघांविरुद्धच्या ५७ सामन्यांत हरले नाहीत. मे महिन्यातच देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रेल्वे जोडली गेली होती. सप्टेंबरमध्ये हे लोक त्याच लोहमार्गाने सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळून आले. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी त्यांची भेट घेतली. आणि एवढं सगळं करून हंगामाच्या शेवटी क्लबच्या हाती नफा किती उरला? १ डॉलर ३९ सेंट. हा आकडा वाचल्यापासून या संघाबद्दल माझी माया आणखी वाढली.

१४ जून १८७०, ब्रुकलिनचं कॅपिटोलिन मैदान, समोर अटलांटिक क्लब. नऊ डावांनंतर ५-५. अटलांटिकचे लोक बरोबरी मान्य करून निघायच्या तयारीत होते, पण सिनसिनाटीने खेळ पुढे चालू ठेवायचा आग्रह धरला. अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, ७-५. मग अटलांटिकच्या जो स्टार्टचा फटका उजवीकडच्या गर्दीत गेला आणि चेंडू परत येईपर्यंत एक धाव झाली. पुढे बॉब फर्ग्युसन, जो एरवी उजव्या हाताने खेळायचा, तो डाव्या बाजूने उभा राहिला, म्हणजे चेंडू जॉर्ज राइटकडे जाणार नाही. त्याच्या फटक्याने बरोबरी झाली आणि मग गूल्डच्या हातून झालेल्या गोंधळात तोच विजयी धाव घेऊन आला. ८-७. क्लबचे अध्यक्ष अॅरन चॅम्पियन यांनी घरी तार केली तिचा आशय असा की, हरलो, पण मान खाली घालायचं कारण नाही.

शहराने मात्र वेगळं ठरवलं. आणखी काही सामने हरताच गर्दी ओसरली, आणि हंगाम संपल्यावर क्लबने पगारी संघच बंद केला. राइट बंधू बोस्टनला गेले, जाताना 'रेड स्टॉकिंग्ज' हे नावही घेऊन गेले. आजचा अटलांटा ब्रेव्ह्ज हा त्या बोस्टन क्लबचा वंशज.

लेगकटर

सुंदर लिहिलंय. क्रिकेटवाल्याची एक शंका. हे खेळाडू क्रिकेटमधून आले होते का? आणि तेव्हा हातमोजे नव्हते असं ऐकलंय, मग झेल कसे घ्यायचे?

जुनीपाने

लेगकटर, राइट बंधूंची गोष्ट तर क्रिकेटमधूनच सुरू होते. हॅरीचा जन्म इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. वडील सॅम राइट न्यू यॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू. हॅरी १८६५ मध्ये सिनसिनाटीला गेला तोही तिथल्या युनियन क्रिकेट क्लबचा व्यावसायिक म्हणून! १८७४ मध्ये बोस्टन आणि फिलाडेल्फियाचे संघ इंग्लंडला गेले, तेव्हा बेसबॉल दाखवतानाच ते लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध क्रिकेटही खेळले. अमेरिकेच्या बाजूने १८ गडी, पण त्या दौऱ्यात क्रिकेटमध्ये ते हरले नाहीत.

धावफलकाचंही तसंच. हेन्री चॅडविक इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, लहानपणी अमेरिकेत आलेला, आधी क्रिकेटचा बातमीदार. क्रिकेटच्या धावपत्रकाची शिस्त त्याने बेसबॉलला लावली. बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाला की आजही पत्रकात 'के' लिहितात, ती खूण त्याचीच.

हातमोज्यांचं म्हणाल तर कॅचरसुद्धा, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू पकडणारा, उघड्या हाताने उभा राहायचा. बोटं वाकडी झालेली, नखं काळी पडलेली. १८७५ मध्ये चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूने पातळ मोजा घातला तो कातडीच्या रंगाचा, कारण मोजा घालणं भ्याडपणाचं समजलं जाईल ही भीती. पिचर ४५ फुटांवरून टाकायचा. ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ मध्ये आलं. आणखी एक गंमत: १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटर 'वर हवा' किंवा 'खाली हवा' असं सांगून चेंडू मागू शकायचा.

हडसनकाठी

मी जर्सी सिटीत राहते. इथल्या आमच्या मराठी मुलांना शाळेत बेसबॉल खेळायला मिळतो, पण शेजारच्या होबोकेनमध्ये काय घडलं ते त्यांना कोणी सांगत नाही. ११ वा रस्ता आणि वॉशिंग्टन स्ट्रीट जिथे मिळतात तिथे एलिझियन फील्ड्स या जुन्या मैदानाची खूण आहे. १९ जून १८४६ रोजी तिथे निकरबॉकर क्लब न्यू यॉर्कच्या दुसऱ्या संघाशी खेळला आणि २३-१ असा हरला. खेळाचे नियम लिहून काढणारा क्लबच हरला! नंतर त्या जागेच्या काही भागावर मॅक्सवेल हाऊस कॉफीचा कारखाना उभा राहिला, तोही आता नाही.

प्रश्न असा की खेळाचं संग्रहालय मग न्यू यॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला का?

जुनीपाने

कारण एक समिती. अल्बर्ट स्पाल्डिंग हा आधी पिचर, मग शिकागो क्लबचा मालक आणि खेळाच्या सामानाचा मोठा व्यापारी. बेसबॉल इंग्रजांच्या राउंडर्समधून आला असं चॅडविक लिहायचा, ते त्याला सोसेना. त्याच्या पुढाकाराने १९०५ मध्ये समिती बसली आणि १९०७ अखेर तिने निकाल दिला की अॅबनर डबलडेने १८३९ मध्ये कूपर्सटाउनला हा खेळ शोधला. आधार काय, तर अॅबनर ग्रेव्ह्ज नावाच्या वृद्ध गृहस्थाची पत्रं. १८३९ मध्ये ग्रेव्ह्ज पाच वर्षांचा होता आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. डबलडे १८९३ मध्ये वारला, आयुष्यात कधी त्याने असा दावा केला नाही. तरी १९३९ मध्ये शताब्दी म्हणून संग्रहालय तिथेच उघडलं.

आणि त्याच कूपर्सटाउनमध्ये खरोखर वाढलेला एक खेळाडू होता, बड फाउलर. न्हाव्याचा मुलगा, मूळ नाव जॉन जॅक्सन. १८७८ मध्ये तो मॅसेच्युसेट्समध्ये पगारावर खेळू लागला. ज्ञात असलेला पहिला काळा व्यावसायिक खेळाडू. त्याला तिथल्या मानकऱ्यांच्या यादीत जागा मिळाली २०२२ मध्ये.

तिसरीघंटा

वाचतेय. फाउलरबद्दल अजून येऊ द्या.

डावखुरा

धाग्यात १८७७ चा लुइव्हिल क्लब यायलाच हवा, म्हणून लिहितो.

१८७६ मध्ये शिकागोच्या विल्यम हल्बर्टने नॅशनल लीग काढली. त्याआधी १८७१ पासून जी संघटना होती ती नावाला तरी खेळाडूंची होती. नवी लीग क्लबमालकांची. पुढच्याच वर्षी लुइव्हिल ग्रेज ऑगस्टमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. मग अचानक हरायला लागला आणि अजिंक्यपद बोस्टनकडे गेलं. तारा उघडून पाहिल्या तर जुगाऱ्यांशी बोलणी. ठरलेल्या सामन्यासाठी 'सॅश' हा सांकेतिक शब्द. जिम डेव्हलिन, जॉर्ज हॉल, अल निकोल्स आणि बिल क्रेव्हर या चौघांना आजन्म बंदी.

डेव्हलिन हा त्यांचा पिचर. त्या संपूर्ण हंगामात क्लबचा एकूण एक डाव त्याने एकट्याने टाकला होता. क्लबने पगार थकवला होता असं त्याचं म्हणणं. पुढच्या हिवाळ्यात त्याने हॅरी राइटला पत्र लिहिलं: बायको-मुलाच्या अंगावर धड कपडा नाही, मैदान राखायचं काम असलं तरी द्या. हल्बर्टने बंदी कधीच उठवली नाही. डेव्हलिन फिलाडेल्फियात पोलीस झाला आणि १८८३ मध्ये क्षयाने गेला.

रानवारा

डावखुरा, माफ करा, पण मला इथे सहानुभूती वाटत नाही. त्याने सामने विकले. तिकीट काढून आलेल्या माणसाला फसवलं. त्या वेळी हल्बर्टने कडक पाऊल उचललं नसतं तर खेळ जुगाऱ्यांच्याच हातात राहिला असता. १८६९ मध्ये ट्रॉयच्या संघाने सिनसिनाटीविरुद्ध १७-१७ असताना पंचाच्या निर्णयावरून मैदान सोडलं, तेही पैजा वाचवण्यासाठी असं तेव्हाच बोललं गेलं.

डावखुरा

रानवारा, डेव्हलिन दोषी होता, यात वाद नाही. माझं म्हणणं क्रेव्हरबद्दल आहे. त्याने सामना विकल्याचा पुरावा मिळाला नाही. आपल्या तारा उघडू द्यायला त्याने नकार दिला, तरी शिक्षा तीच. आणि पगार थकवणाऱ्या क्लबला काय शिक्षा झाली? पुढच्या हंगामात लुइव्हिल लीगमध्ये नव्हता, पण मालकांपैकी कोणाच्या नावापुढे बंदीचा शिक्का नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८७९ मध्ये, मालकांनी गुपचूप ठरवलं की प्रत्येक क्लब पाच खेळाडू 'राखून' ठेवील आणि बाकीचे क्लब त्यांना हात लावणार नाहीत. करार संपला तरी खेळाडू मोकळा नाही. पुढे तो नियम पाचांवरून वाढत जाऊन सगळ्या संघाला लागू झाला. खेळ स्वच्छ करणारे आणि खेळाडूला बांधून ठेवणारे, दोन्ही तेच लोक होते.

रानवारा

क्रेव्हरचं पटलं. राखीव नियमाचा हा संबंध मी जोडला नव्हता.

ओहायोकर

टोलेडोत माझी नोकरीची काही वर्षं गेली, त्यामुळे मोझेस फ्लीटवूड वॉकरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये आला, त्याच्या ६३ वर्षं आधी, १ मे १८८४ रोजी वॉकर टोलेडोकडून अमेरिकन असोसिएशन या मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या स्पर्धेत, कॅचर म्हणून उतरला. ओहायोत जन्मलेला, ओबरलिन कॉलेजात शिकलेला. (त्याही आधी, १८७९ मध्ये विल्यम एडवर्ड व्हाइट प्रॉव्हिडन्सकडून एक सामना खेळला होता. तो गुलामगिरीत जन्मलेला, पण लोक त्याला गोरा समजत. वॉकरने कोण आहोत ते कधी लपवलं नाही.) त्याच मोसमात त्याचा भाऊ वेल्डी हाही टोलेडोकडून काही सामने खेळला.

टोनी मुलेन हा त्याच संघाचा पिचर. वॉकरइतका चांगला कॅचर आपल्याला मिळाला नाही, असं त्याने स्वतः पुढे कबूल केलं, आणि त्याच दमात हेही सांगितलं की कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर खुणेने सांगतो, पण काळ्या माणसाच्या खुणा मानायच्या नाहीत म्हणून तो मनाला येईल तो चेंडू टाकायचा. कल्पना करा: जवळजवळ उघडे हात, समोरून येणारा चेंडू कुठला ते माहीत नाही, आणि तो आपल्याच माणसाने टाकलेला. रिचमंडच्या सामन्याआधी टोलेडोच्या मॅनेजरला पत्र आलं की वॉकर मैदानात आला तर ७५ माणसं त्याच्यावर हल्ला करतील. तोवर तो जायबंदी होऊन संघाबाहेर पडला होता.

शिकागोचा कॅप अॅन्सन हा त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू. १८८३ मध्ये टोलेडोला प्रदर्शनी सामन्यासाठी आला आणि वॉकर असेल तर खेळणार नाही म्हणाला. हात दुखावल्यामुळे वॉकर त्या दिवशी खेळणारच नव्हता. मॅनेजर चार्ली मॉर्टनने ते ऐकून मुद्दाम त्याला उजव्या कोपऱ्यात उभं केलं आणि अॅन्सनला सांगितलं, खेळला नाहीत तर गल्ल्यातला वाटा मिळणार नाही. अॅन्सन निमूट खेळला. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यातून दिसतं की एका मॅनेजरने पाय रोवले तर ते थांबवता येत होतं.

१४ जुलै १८८७ ला कोणी पाय रोवले नाहीत. बफेलोत मेजरच्या खालच्या दर्जाच्या इंटरनॅशनल लीगच्या क्लबांची बैठक झाली आणि यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असा ठराव झाला. त्याच दिवशी नेवार्कमध्ये अॅन्सनच्या संघाविरुद्ध सामना होता. जॉर्ज स्टोव्ही हा नेवार्कचा काळा पिचर, त्या हंगामात ३० हून जास्त सामने जिंकलेला. त्याला चेंडू टाकायला उतरवलंच नाही. वॉकर १८८९ पर्यंत सिरॅक्यूजकडून खेळला आणि मग दार बंद झालं. कुठल्याही नियमाच्या पुस्तकात ती बंदी छापलेली नव्हती. रॉबिन्सन १९४६ मध्ये मॉन्ट्रिअलकडून खेळला ती लीग म्हणजे हीच इंटरनॅशनल लीग.

तिसरीघंटा

मुलेनचा परिच्छेद दोनदा वाचला. ओहायोकर, हे सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

लेगकटर

राखीव नियमाविरुद्ध खेळाडूंनी काहीच केलं नाही का?

जुनीपाने

केलं, आणि जोरदार केलं. जॉन माँटगोमेरी वॉर्ड. १८८० मध्ये विशीत त्याने 'परफेक्ट गेम' टाकला, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर पोचू दिला नाही. खांदा गेल्यावर शॉर्टस्टॉप झाला, खेळता खेळता कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली आणि १८८५ मध्ये खेळाडूंची संघटना उभी केली. राखीव नियमामुळे खेळाडू म्हणजे विकत घ्यायची वस्तू झाला आहे, असं त्याने १८८७ मध्ये एका मासिकात लेख लिहून मांडलं.

१८८८-८९ मध्ये स्पाल्डिंगने दोन संघ जगभर फिरवले. हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, मग कोलंबो, तिथून इजिप्त, पिरॅमिडजवळ सामना. वॉर्ड या दौऱ्यावर होता. तो समुद्रावर असताना इकडे मालकांनी खेळाडूंचे पाच वर्ग पाडून पगाराला १,५०० ते २,५०० डॉलरची मर्यादा घातली. वर्ग ठरवताना मैदानाबाहेरची वागणूकही धरायची.

परत आल्यावर वॉर्ड आणि साथीदारांनी १८९० साठी स्वतःची प्लेयर्स लीग काढली. आठ क्लब, राखीव नियम नाही, नफ्यात आणि कारभारात खेळाडूंचा वाटा. चांगले चांगले खेळाडू तिकडे गेले आणि प्रेक्षकही नॅशनल लीगपेक्षा जास्त आले. तोटा दोघांनाही झाला. पण खेळाडूंच्या बाजूने पैसा घालणारे भांडवलदार धीर सोडून स्पाल्डिंगकडे तडजोडीला गेले, आणि स्पाल्डिंगने आपला तोटा त्यांना कळू दिला नाही. एका हंगामात सगळं आटोपलं. राखीव नियम मोडला तो थेट डिसेंबर १९७५ मध्ये, लवादाच्या निर्णयाने.

हडसनकाठी

मग आता अधिकृत नोंदीत यातलं काय धरतात? २०२४ मध्ये काळ्या लीगमधला जॉश गिब्सन फलंदाजीच्या सरासरीत जुना विक्रमवीर टाय कॉबच्या वर गेला हे वाचलं होतं.

जुनीपाने

ते १९२० ते १९४८ मधल्या सात काळ्या लीगना मेजर मानल्यामुळे. निर्णय डिसेंबर २०२० चा, आकडे २०२४ मध्ये जोडले. ते फार आधी व्हायला हवं होतं. पण रेघ १९२० वर ओढली. फाउलर, स्टोव्ही आणि त्यांच्याच काळातला काळा खेळाडू फ्रँक ग्रँट हे तिच्या अलीकडे येत नाहीत. १८८५ मध्ये लाँग आयलंडवरच्या अर्गाइल हॉटेलपासून सुरुवात झालेला क्युबन जायंट्स, पहिला काळा व्यावसायिक संघ, तोही नाही.

आणि १८७१-७५ ची ती जुनी संघटनाही नाही. १९६९ मध्ये एका समितीने तिला मेजर लीग मानायला नकार दिला. म्हणजे हॅरी राइटच्या बोस्टनने १८७२ ते १८७५ सलग चार वर्षं मिळवलेलं अजिंक्यपद, शेवटच्या वर्षी ७१ विजय आणि ८ पराभव, हे सगळं मुख्य नोंदीबाहेर. एकच हंगाम चाललेली प्लेयर्स लीग मात्र आत. ही रेघ मला मान्य नाही.

ओहायोकर

१८७१-७५ बद्दल पूर्ण सहमत, कारण तिथे चॅडविकच्या पद्धतीची धावपत्रकं वर्तमानपत्रांत छापलेली आहेत. बसून मोजायचं एवढंच. क्युबन जायंट्सचं काम अवघड आहे. ते लीगबाहेर गावोगाव सामने खेळत फिरायचे, आणि पुष्कळदा स्थानिक पेपरात नुसता निकाल येई, कधी तोही नाही. सॉल व्हाइट या खेळाडूने १९०७ मध्ये काळ्या संघांचा इतिहास छापला नसता तर यातली कितीतरी नावं आज आपल्यापर्यंत आलीच नसती. आकडे मिळत नाहीत म्हणून रेघ १९२० वर, हे कारण मला समजतं. पण आकडे का नाहीत, ते ज्यांनी १८८७ चा ठराव केला त्यांच्याच नोंदवहीत लिहिलेलं असायला हवं. स्टोव्हीचा १८८७ चा हंगाम तर इंटरनॅशनल लीगच्या छापील आकड्यांतच आहे. तिथून सुरुवात करता येईल.